त्या नावाचा कुणी आमच्याकडे राहत नाही

दोन वर्षं मी एका पुरुषाच्या नावाने लिहीत होते. ते नाव इथे देत नाही, कारण ते अजून एका वेबसाइटवाल्यांच्या मालकीचं आहे आणि मला पुन्हा भांडायचं नाही. लोकांना ही गोष्ट सांगितली की ते हसतात, गंमत आहे म्हणतात. मला त्यात आजवर काही गंमत सापडलेली नाही.

माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत, घर रेल्वे क्वार्टरमध्ये. भावाने कॉलेजसाठी घेतलेला कॉम्प्युटर तो नोकरीला बंगळूरला गेल्यावर माझ्या वाट्याला आला, आणि त्याच्याबरोबर गेमच्या सीडींचा डबाही. गाड्या पळवायच्या, किल्ले बांधायचे, बंदूक घेऊन पडक्या इमारतींतून फिरायचं, हे सगळं मला भावापेक्षा बरं जमायचं. आईला वाटायचं मी टायपिंग शिकतेय.

पुण्यात तेव्हा एक वेबसाइट निघाली होती, नव्या गेमच्या बातम्या आणि परीक्षणं देणारी. मी माझ्या बीएच्या इंग्रजीत एक परीक्षण लिहून पाठवलं. संपादकांचं उत्तर आलं ते 'डिअर सर' असं. मी फोन केला तर त्यांना वाटलं लेखकाची बहीण बोलतेय. म्हणाले, भाऊ घरी आले की फोन करायला सांगा. लिहिणारी मीच आहे हे त्यांच्या गळी उतरवता उतरवता माझा एसटीडी बूथवरचा मीटर धावत सुटला. उतरलं तेव्हा ते खूश झाले, पण एक अडचण आहे म्हणाले. मुलीचं नाव दिसलं की वाचक परीक्षण मनावर घेणार नाहीत, उलट तुम्हालाच भलतेसलते ई-मेल येतील. तुमच्याच भल्यासाठी एखादं मुलाचं नाव घेऊ. नावही त्यांनीच ठरवलं, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या, कोथरूडला राहणाऱ्या मुलाचं वाटावं असं. माझ्या भल्याची काळजी मी कुणाला सांगितली होती कोण जाणे.

पुढे लग्न होऊन मी शिरूरला आले. रुखवतात कॉम्प्युटर मांडला होता आणि बायका पदराने हात पुसून त्याला शिवून बघत होत्या. नवरा एमआयडीसीत शिफ्टला जायचा, सासरे शेतावर, घरात सासूबाई आणि मी. त्यांना मी आत्या म्हणते. घरकाम उरकलं की मी गेम खेळायला बसायचे आणि ते माझं काम आहे हे आत्यांनी मान्य केलं होतं. टीव्हीपुढे बसण्यापेक्षा बरं, असं त्यांचं मत होतं.

त्या वर्षांत शिरूरला लाईट असायची कमी आणि जायची जास्त. सकाळी जायची, यायची, संध्याकाळी परत जायची. गेममध्ये आपण जिथवर पोचलो ते साठवून ठेवावं लागतं. त्याला सेव्ह करणं म्हणतात. काही गेम कधीही सेव्ह करू देतात, काही मात्र अख्खा टप्पा संपल्याशिवाय करू देत नाहीत. अशा गेममध्ये लाईट गेली की सकाळपासूनची मेहनत पाण्यात. अमेरिकेत किंवा जपानमध्ये बसून गेम बनवणाऱ्यांच्या डोक्यात हे येणं शक्य नव्हतं आणि पुण्यात बसून परीक्षणं लिहिणाऱ्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. म्हणून मी प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी एक परिच्छेद लिहायला लागले. खेळता खेळता लाईट गेली तर हा गेम तुमचं किती नुकसान करील, एवढंच त्यात असायचं. हा परिच्छेद इतका गाजला की लोक आधी तोच वाचायचे. लातूरहून, जळगावहून, पार उत्तरेकडूनही ई-मेल यायचे. सगळे त्या कोथरूडच्या मुलाच्या नावाने. मी त्याच्या वतीने आभार मानायचे.

हे असंच चाललंही असतं. पण एक दिवस मी दळण आणायला गेले असताना कुरिअरवाला आला. नव्या गेमची सीडी पुण्याहून माझ्या खऱ्या नावाने यायची. त्या वेळी तिकडे कुणीतरी नवीन माणूस लागला होता. त्याने परीक्षणाखालचं नाव बघितलं आणि तेच पाकिटावर टाकलं. आत्यांनी कुरिअरवाल्याला ओसरीवरूनच परत पाठवला. त्या नावाचा कुणी गडी आमच्याकडं न्हाई, आन् आमच्या सुनेच्या पत्त्यावर परक्या गड्याच्या नावाची पाकिटं आणायची न्हाईत, असं त्याला सुनावलं. गल्लीने ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोघी चहापत्ती मागायला येऊन गेल्या.

मी घरात आले तेव्हा आत्या चुलीपुढे तोंड फिरवून बसल्या होत्या. कोण हाय ह्यो, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तो मीच आहे. मग सगळं सांगितलं. नाव का बदललं, कुणी बदललं, का तसंच ठेवलं. माझं सांगून झाल्यावर आत्या म्हणाल्या,

"म्हंजी राबायचं तू आन् मान त्या नसल्याल्या गड्याला?"

इतक्या सरळ शब्दांत मी स्वतःशीही ते कधी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी संपादकांना फोन केला आणि माझं नाव छापा म्हणाले. ते गोड बोलले. हे नाव आता साइटची ओळख झालंय, ते बदललं तर वाचक तुटतील, आणि खरं सांगायचं तर ते नाव आम्हीच घडवलंय, असं म्हणाले. घडवलंय! लाईट परत आली की तेच ते टप्पे पुन्हा पुन्हा मी खेळायचे आणि घडवलं यांनी. मी म्हटलं, मग तुमचं नाव तुमच्यापाशी ठेवा, मी निघाले. त्यांनी मला थांबवलं नाही. थांबवायची गरजच नव्हती, हे मला पुढच्या महिन्यात कळलं. मी सोडल्यावरही त्या नावाने परीक्षणं येतच राहिली. शेवटी लाईटचा परिच्छेदही असायचा. पुण्यात बसलेला कुणीतरी माझ्या घरची लाईट घालवत होता.

दुसरी एक साइट मुंबईहून चालायची. तिच्या संपादकांनी पूर्वी त्या नावाला, म्हणजे मलाच, आमच्याकडे या असं कळवलं होतं. त्यांना मी खरं काय ते लिहिलं. माणूस बरा निघाला. बाईचं नाव छापायला त्यांची हरकत नव्हती. अट एकच होती. आधी त्या नावाने मीच लिहीत होते, हे कुठेही बोलायचं नाही. त्या साइटशी वाद त्यांना नको होता, जाहिरातदार दोघांचे तेच होते. मी कबूल केलं. नाव मिळतंय ना, बाकी वाचक ओळखतीलच, असं वाटलं.

कोणतं नाव छापू, असं त्यांनी विचारलं आणि मी अडले. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नाव बदललेलं होतं. शिरूरमध्ये सगळे मला त्या नव्या नावाने हाक मारत. पण गेम खेळायला शिकली ती दौंडची मुलगी. मी माहेरचं नाव दिलं, आडनावासकट. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, तुला पाहिजे ते दे, आपल्या कंपनीत कोण वाचतंय.

पहिलं परीक्षण आलं त्या दिवशी मी आत्यांना कॉम्प्युटरपुढे बसवलं. अक्षरं इंग्रजी, म्हणून बोट ठेवून नाव वाचून दाखवलं. आत्यांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आन् ही कोण?"

त्यांचा दोष नव्हता. लग्नपत्रिकेनंतर त्या घरात ते नाव कुणी उच्चारलंच नव्हतं. मी सांगितल्यावर त्या ओशाळल्या. मग म्हणाल्या, त्यांच्या माहेरी इनामगावात त्यांना जुन्या नावाने हाक मारणारी एक चुलती तेवढी उरली होती, तीही मागल्या साली गेली. मी त्यांना ते नाव विचारलं. त्यांनी सांगितलं आणि भाजी निवडायला गेल्या. इतके दिवस त्यांच्या घरात राहून मला ते विचारावंसं वाटलं नव्हतं, याची मला लाज वाटली आणि ताट मांडणाऱ्या सगळ्यांचा राग आला.

परीक्षणाखाली वाचकांना चार शब्द लिहायची सोय होती. दुपारपर्यंत तिथे लिहून आलं की ही बाई कोथरूडवाल्याची नक्कल करतेय. लाईटचा परिच्छेद तर शब्दशः त्याच्याकडून उचललेला. दुसऱ्याने लिहिलं, मुलींना आयतं पाहिजे असतं. तिसऱ्याने त्याची दोन वाक्यं आणि माझी दोन वाक्यं शेजारी शेजारी लावून दाखवली. चारही वाक्यं माझी होती.

संध्याकाळी मुंबईहून फोन आला. संपादक चाचरत बोलत होते. तो लाईटचा परिच्छेद तेवढा काढू या का, लोकांना तो पुण्यावाल्यांचा वाटतोय, तुमची शैली वेगळी ठेवा ना थोडी.

"शिरूरची लाईटपण त्यांनीच घडवलीय का?" मी विचारलं.

ते हसले. मी हसले नाही. परिच्छेद काढायचा तर परीक्षणच काढा, असं सांगून मी फोन ठेवला. परिच्छेद राहिला. पुढच्या परीक्षणातही राहिला, त्याच्या पुढच्याही. लोकांच्या शिव्याही तशाच राहिल्या आणि मी त्या रोज वाचायचे, जेवण गोड लागायचं नाही तरी वाचायचे.

त्यात एक दिवस एका मुलाने लिहिलेलं दिसलं. त्याला मी ओळखत होते. तो बिहारमधल्या एका लहान गावातला. त्याची परीक्षा, त्याच्या गावातली लाईट, बापाने कॉम्प्युटर विकायची दिलेली धमकी, सगळं त्याने मला कळवलेलं होतं, म्हणजे त्या नावाला कळवलेलं होतं. मी त्याला लांबलचक उत्तरं दिली होती, अभ्यास कर म्हणून दटावलंही होतं. इथे त्याने फार सभ्यपणे लिहिलं होतं. ते मला मोठ्या भावासारखे आहेत, अडचणीत त्यांनीच मला धीर दिला. त्यांच्या मेहनतीवर नाव कमावू नका, दीदी.

उत्तर द्यायला मी बसले, पण काय देणार? मुंबईला दिलेला शब्द आड येत होता. पडद्यावर त्याचं ते शेवटचं वाक्य तेवढं होतं. इतक्या वाचकांत मला बाई म्हणून हाक मारणारा तो पहिला, आणि ती हाकही त्याने मारली ती मी चोर आहे हे सांगायला.