धाकटा आधी म्हातारा झाला

“वकीलसाहेब, म्हंजे हा माह्यापेक्षा मोठा झाला?”

माणिकरावांनी शाळेचा दाखला टेबलावर असा आपटला की माझा चहा दुसऱ्याच क्लायंटच्या चलनावर सांडला.

मी वकील नाही. आदिलाबादेत इन्कम टॅक्सची रिटर्न्स भरून देणारा साधा प्रॅक्टिशनर. पण आमच्याकडे ब्रीफकेस घेऊन ऑफिसात जाणारा प्रत्येक जण वकीलसाहेबच असतो, त्यामुळे मीही दुरुस्त करणं सोडून दिलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. पासष्ट पूर्ण झालेल्यांना टॅक्समध्ये सूट मिळायला लागली होती. तिला रिबेट म्हणतात. म्हणजे आधी उत्पन्नावर पूर्ण टॅक्स काढायचा आणि मग त्या टॅक्समधूनच काही हिस्सा वजा करायचा. उत्पन्न मर्यादेत हवं आणि वयाचा पुरावा हवा, बस.

माणिकराव आणि देविदास हे सख्खे भाऊ. बाजार रस्त्यावर दोघांचं एकच दुकान. डाव्या अंगाला थोरल्या माणिकरावांचा किराणा, उजव्या अंगाला धाकट्या देविदासांचं कापड. मधे भिंत नाही. धंदे दोन, म्हणून रिटर्न्सही दोन. आदल्या वर्षी देविदासांनी शाळेचा दाखला आणून दिला, त्यात पासष्ट भरत होते, मी रिबेट घेऊन टाकला. यंदा माणिकरावांनी आपला दाखला काढला, तर ते चौसष्टचे निघाले. धाकटा सहासष्ट, थोरला चौसष्ट!

“दाखल्यात आहे ते मी धरतो,” मी म्हणालो. “मी काही तुमच्या बारशाला नव्हतो.”

हे बोलायला नको होतं. मला राग पटकन येतो, आणि तोंड त्याच्याही आधी चालतं.

माणिकरावांच्या डोक्यात एकच बसलं, की देविदासनं शाळेत पैसे चारून आपलं वय वाढवून घेतलं. त्यांनी भावाशी बोलणं बंद केलं. महिन्याभरात दुकानासमोर विटा येऊन पडल्या. मधे भिंत घालायची म्हणे. चाळीस वर्षांचं दुकान, आणि माझ्या एका रिटर्नपायी त्याचे दोन तुकडे होणार! मला झोप गोड लागेना, हे कबूल करतो.

शेवटी एका निवृत्त पेशकारांना सोबत घेऊन बसनं बाजारहत्नूरकडच्या या भावांच्या गावी गेलो. पेशकार म्हणजे निजामाच्या काळातले कचेरीतले कारकून. शाळेचं जुनं रजिस्टर उर्दूत होतं आणि हेडमास्तरांना उर्दू येत नव्हती. पेशकारांनी चष्मा पुसून बोट फिरवलं. दोघांची नावं एकाखाली एक, शाळेत घातल्याचा दिवस एकच. माणिक, वय पाच. देविदास, वय सात. शाई जुनी, अक्षर एकच, कुठे खाडाखोड नाही.

परत आलो तो थेट त्यांच्या घरी गेलो. त्यांची आई, गंगाबाई, खाटेवर बसून तूर निवडत होत्या. दोन्ही लेक दोन कोपऱ्यांत. मी रजिस्टरातलं सांगितलं.

“मंग मास्तरानं असं काऊन लिवलं?” माणिकरावांनी भिंतीकडे बघत विचारलं.

गंगाबाई हसायलाच लागल्या. “अरे, तवा कागद कुठं होते? मास्तर डोक्यावरून हात घ्याले लावे अन् पल्याडच्या कानाले लागते का पाहे. माणक्या तापानं वाळला होता, हात पुरला नाई. देविदास दांडगा, त्यानं कान धरला! म्या म्हणलं, मास्तर, हा माणक्या दीड वर्षानं मोठा हाय. तो म्हणे, बाई, हात खोटं सांगत नाई.”

देविदास हसले. माणिकराव हसले नाहीत.

मी आईचं अॅफिडेव्हिट केलं, त्यावर अंगठा घेतला, दोघांची वयं उलटी लिहिली गेली, रिबेट थोरल्यांना मिळावा, असा अर्ज जोडला, आणि चौघं इन्कम टॅक्स ऑफिसात गेलो. साहेब तेलुगू होते. कानाची हकिगत ऐकून म्हणाले, “हमारे गाँव में भी ऐसाइच नापते थे.” मग फाइल मिटून माझ्याकडे बघितलं. “लेकिन एक बात है. माँ की बात मानूँ, तो छोटा अभी चौसठ का. पिछले साल का रिबेट वापस. ब्याज के साथ.”

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! इतकी वर्षं हे काम करतोय, आणि साधी गोष्ट सुचली नाही. मी देविदासांना हळूच म्हणालो, “गप्प राहा. अर्ज मागे घेतो. पुढच्या वर्षी दाखल्याप्रमाणे दादांनाही मिळेलच.”

“नाई वकीलसाहेब,” देविदास म्हणाले. “घ्या लिवून. दादा मोठा हाय.”

साहेबांनी लिहायला घेतलं. तेवढ्यात माणिकराव बोलले. तीन महिन्यांत भावाशी पहिल्यांदा.

“याचा भरणा मी करतो.”

“तू काऊन, दादा?”

“मोठा कोन हाय?”

देविदास खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. गंगाबाईंनी मात्र विचारलं, “झालं का? मले भूक लागली.”

माणिकरावांना जेवढा रिबेट मिळाला, जवळजवळ तेवढाच धाकट्याच्या भरण्यात गेला. म्हणजे सरकारचं काही गेलं नाही, त्या घरात काही आलं नाही, खर्च झाला तो माझ्या फीचा. त्या विटांचा दुकानासमोर ओटा बांधला. गंगाबाई संध्याकाळी त्यावर येऊन बसायच्या.

तेव्हापासून पासष्टीचा कोणीही क्लायंट आला, की दाखला मी नंतर मागतो. आधी विचारतो, आई आहे का? बहुतेकांची नसते. मग कागदावर जे आहे तेच वय धरावं लागतं.