भाऊ बँकॉकला गेले होते

राग आला की भाऊ आधी चष्मा काढायचे, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे आणि अगदी हळू आवाजात म्हणायचे, "हे बरं नव्हे." एवढंच. आरडाओरडा नाही, शिवी नाही. पण बडोद्यातल्या फतेगंजच्या आमच्या बाजारात ते तीन शब्द ऐकले की रस्त्यात आडवा टेम्पो लावणारा मुकाट्यानं टेम्पो बाजूला घ्यायचा.

तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा. रांगेत घुसणाऱ्याला मागे पाठवणारा, दुधात पाणी आहे हे दूधवाल्याला तोंडावर सांगणारा. आपण त्याच्या आडून आपलं काम करून घेतो आणि घरी येऊन त्याची नक्कल करून दाखवतो. भाऊंचं पुढे जे झालं ते मला सांगायचं आहे. शांतपणे सांगणं मला जमणार नाही, तेव्हा आधीच माफी मागून ठेवतो.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्या नावाची पुरेशी खराबी दुसऱ्यांनी करून ठेवली आहे. बडोद्यात गुजराती माणूस प्रत्येक मराठी माणसाला 'भाऊ' म्हणतो, पण बाजारात नुसतं 'भाऊ' म्हटलं की हेच. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यांची जमीन कधीच गेली, ताठ पाठ तेवढी भाऊंच्या वाट्याला आली. भाऊ पाण्याचे पंप विकायचे, एका मोठ्या कंपनीची एजन्सी होती. दोन दुकानं सोडून माझं दुकान, त्याच कंपनीच्या पाइपांचं. मी लहान डीलर.

त्या वर्षांत कंपन्यांना एक नवंच वारं लागलं होतं. पूर्वी माल जास्त विकला की भिंतीवरचं घड्याळ मिळायचं, फार तर स्टीलचा डिनर सेट. आता एकदम 'स्कीम' आली. इतके पंप विका आणि बँकॉकला जा. ज्यांनी माउंट अबूच्या पलीकडे काही पाहिलं नव्हतं, त्यांनी पासपोर्ट काढले. पाइपांच्या जोरावर मीही त्यात कसाबसा बसलो.

स्कीममध्ये डीलर एकटाच जाणार होता. भाऊंनी कंपनीच्या साहेबांना विचारलं, "जोडीनं का नाही?"

साहेब डोळा मारून म्हणाले, "भाऊ, टिफिन लईने हॉटेलमां कोण जाय?"

सगळे खो खो हसले. भाऊंनी चष्मा काढला. ते जाणारच नव्हते, पण वहिनींनी पाठवलं. "त्या माणसाच्या जिभेपायी एक नवा देश बघायचा का सोडता? बघून या आणि मला नीट सांगा," म्हणाल्या. मी तिथेच चहा पीत होतो.

बँकॉकमध्ये आमचं काय चाललं होतं ते ऐका. सोबत बडोद्याहून स्वयंपाकाला महाराज नेला होता. तो हॉटेलच्या मागच्या खोलीत डाळ-भात रांधायचा आणि आम्ही परदेशात बसून छुंदा-ठेपले खायचो. हे कमी म्हणून 'इथे खायला काही मिळत नाही' अशी तक्रार. भाऊ एका दुपारी मला ओढत रस्त्यावरच्या हातगाडीपाशी घेऊन गेले. बाई चिकट भातावर नारळाचं दूध ओतून शेजारी आंब्याच्या फोडी ठेवत होती. भाऊंनी एक घास खाल्ला, थांबले आणि म्हणाले, "अरे, हा तर आपल्या नारळीभाताचा मावसभाऊ." दोन वेळा मागून खाल्ला. हॉटेलवर परत आल्यावर सगळे विचारायला लागले, त्यात काय घातलं असेल कोणास ठाऊक, पोट बिघडलं तर? पोट बिघडलं ते महाराजाच्या हातचं खाणाऱ्यांचंच.

राजवाड्याच्या देवळात भिंतीभर रामकथा रंगवलेली. ती पाहून भाऊ लहान मुलासारखे हरखले. गाइड होती एक तरुण थाई मुलगी, आमच्यासारख्यांना फिरवून फिरवून मोडकं हिंदी शिकलेली. ती एकेक प्रसंग दाखवत होती. एका ठिकाणी पांढराशुभ्र मारुती एका मत्स्यकन्येपाशी भलताच लगट करत होता. भाऊ शनिवारचा उपास कधी न मोडणारे. त्यांनी विचारलं, हे काय? मुलगी हसून म्हणाली, "हमारे हनुमान की बहुत बीवी."

चष्मा खिशात गेला. दुपारपर्यंत भाऊ सगळ्यांच्या पुढे एकटेच चालत राहिले. मला वाटलं, आता उरलेली सहल ही अशीच. जेवणानंतर मात्र आपणहून म्हणाले, "त्यांचा मारुती त्यांच्या घरचा. आपण पाहुणे. पाहुण्यानं यजमानाच्या देवघरात नावं ठेवू नयेत." मग त्या मुलीला शोधून काढलं आणि त्या मत्स्यकन्येची पूर्ण गोष्ट ऐकून घेतली.

दुसऱ्या एका देवळात त्यांच्याकडूनच चूक झाली. गुडघे दुखत होते म्हणून जमिनीवर बसताना पाय लांब केले, ते नेमके मूर्तीकडे. एक म्हातारी हसत हसत त्यांच्याजवळ येऊन बसली आणि आपले पाय मागे दुमडून दाखवले. भाऊंनी तसे दुमडले. बाहेर आल्यावर गाइडनं सांगितलं, देवाकडे पाय करणं फार वाईट.

"मग त्या बाई हसत का होत्या?" भाऊंनी विचारलं.

"आपको बुरा नहीं लगे, इसलिए."

भाऊंनी मागे वळून देवळाकडे पाहिलं. म्हणाले, "आपण असतो तर ओरडलो असतो." त्यानंतर दुखऱ्या गुडघ्यांनी ते सगळीकडे पाय दुमडूनच बसले.

आता बसचं सांगतो. आमचा ड्रायव्हर आमच्या सगळ्यांहून वयानं मोठा. रोज सकाळी दाराशी उभा राहून प्रत्येकाला हात जोडायचा. आमची मंडळी मावा चघळत त्याच्या अंगावरून चढायची. त्याला उलट नमस्कार फक्त भाऊ करायचे, आणि त्यांचं पाहून मी.

पट्टायाच्या रस्त्यावर सावली गावचे शेठ रंगात आले होते. शेठ म्हणजे आमच्यातला सर्वांत मोठा डीलर. त्यांची बॅग कंपनीचे साहेब स्वतः उचलायचे. बस हळू चालली आहे असं शेठना वाटलं. ते उठून पुढे गेले आणि मागून ड्रायव्हरच्या डोक्यात एक टपली मारली. "काका, जरा भगाओ ने."

टपलीत द्वेष नव्हता, हे मी मान्य करतो. आपल्याकडे टपली म्हणजे जवळीक. पण जवळीक कोणाशी? शेठनी साहेबांना कधी टपली मारली नाही. जो उलटून मारणार नाही त्याच्याशीच ही जवळीक सुचते.

ड्रायव्हर हसला. थोडं पुढे जाऊन त्यानं बस कडेला घेतली, खाली उतरला आणि पाठ करून उभा राहिला. गाइडचा चेहरा उतरला होता. खोदून विचारल्यावर तिनं सांगितलं, आमच्यात डोकं म्हणजे माणसातली सर्वांत पवित्र जागा. वडीलधाऱ्याच्या डोक्याला पोटची मुलंसुद्धा हात लावत नाहीत.

"ए हसे तो छे," शेठ म्हणाले. बस हसली.

भाऊ उठले. चष्मा काढायचंही भान त्यांना राहिलं नाही. "शेठ, तो हसतोय तो तुमची लाज राखायला. खाली उतरा आणि त्याची माफी मागा."

"भाऊ, जवा दो ने वात," साहेब हात झटकत म्हणाले. "ड्रायव्हर छे."

भाऊ खाली उतरून ड्रायव्हरसमोर उभे राहिले. कपाळाला हात लागेपर्यंत वाकून नमस्कार केला आणि त्याच्या शेजारी रस्त्याच्या कडेला जाऊन बसले. साहेबांना म्हणाले, "शेठ येईपर्यंत मी चढत नाही. तुम्हाला जायचं तर जा." त्यांच्यामागून मीही उतरलो, पण माझ्यासारख्याच्या उतरण्याची कोणी दखल घेतली नाही. ऊन मी म्हणत होतं. बसमधून हाका आल्या, चेष्टा झाली, मग चिडचिड सुरू झाली. ड्रायव्हर आपणच अवघडून भाऊंना उठवायला लागला. शेवटी शेठ उतरले. चेहरा लालबुंद. हात जोडून पुटपुटले, "सॉरी." ड्रायव्हरनं शेठनाही तेवढ्याच अदबीनं वाकून नमस्कार केला. भाऊंना जास्त नाही, शेठना कमी नाही.

पट्टायात मंडळी कुठे कुठे गेली ते मी लिहिणार नाही. भाऊ गेले नाहीत. त्यांनी वहिनींसाठी समुद्रकाठी शिंपल्यांची एक डबी घेतली आणि खोलीत येऊन गुडघ्यांना तेल चोळत बसले.

बडोद्याला परतल्यावर काही दिवसांतच त्यांची एजन्सी गेली. कारण कोणी दिलं नाही. कंपनीची माणसं आली आणि दुकानावरची पाटी उतरवून घेऊन गेली. समोरच्याच ओळीत शेठच्या भाच्यानं दुकान टाकलं. एजन्सी जाते, धंद्यात असं होतं. एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज लिहायला बसलो नसतो.

पण लोक विचारू लागले, एजन्सी का गेली? आणि शेठनी उत्तर तयार ठेवलं होतं. "भाऊए बँकॉकमां कंईक कर्युं, एटले कंपनीए काढ्या." काय केलं, ते सांगायचं नाही. नुसता डोळा मारायचा. बँकॉकचं नाव घेतल्यावर पुढचं ऐकणाऱ्याला आपोआप समजतं. ज्यांनी तिथे सगळं केलं ते दुकानात गादीवर लोडाला टेकून हे सांगत होते, आणि ज्यानं नारळीभात खाल्ला आणि तेल चोळलं, त्याच्याकडे बाजार वळून वळून बघत होता.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीची पूजा दरवर्षी भाऊंच्या हातून व्हायची. त्या वर्षी कार्यकर्ते सांगायला आले, "यंदा जरा तरुणांना संधी देऊ या." तरुण म्हणून ज्यांना बसवलं ते भाऊंपेक्षा थोडेच लहान होते, आणि आमच्याबरोबर बँकॉकला आलेले होते. भाऊ आरतीला मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी त्यांच्या घरी जाऊन म्हटलं, "भाऊ, मी उद्या बाजारात उभा राहून सगळं सांगतो."

"काय सांगशील?"

"जे झालं ते."

"टपलीपायी एजन्सी गेली यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. मग तुला पुढचं सांगावं लागेल. कोण कुठे गेलं होतं ते. त्यांच्या बायका आपल्याकडे हळदीकुंकवाला येतात रे. त्यांनी काय केलंय?" मग माझा हात धरून म्हणाले, "माझी शपथ आहे. तोंड उघडायचं नाही."

अशी शपथ घालणाऱ्या माणसाचा मला तेव्हा रागच आला होता. अजूनही येतो. आपलं नाव चिखलात जाऊ द्यायचं आणि दुसऱ्यांची घरं स्वच्छ ठेवायची, हा कुठला न्याय?

त्यानंतर भाऊ सुटे नळ, वॉशर असलं काहीबाही विकत राहिले. एक मात्र मी पाहत होतो. पूर्वी वहिनी बाजारात क्वचित यायच्या. आता त्या रोज संध्याकाळी भाऊंबरोबर फिरायला निघत, अख्ख्या बाजारातून, शेठच्या भाच्याच्या दुकानावरून. भाऊंना तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. मी समजलो, त्यासाठीच. वहिनींच्या कानावर काय आलं आहे, भाऊंनी त्यांना काय सांगितलं आहे, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. झोपेतच. बडोद्याची मराठी घरंही आता गुजरात्यांसारखं बेसणं ठेवतात. पांढऱ्या चादरी अंथरतात, लोक येतात, हात जोडून थोडा वेळ बसतात, उठतात. बाजार लोटला होता. ज्यांनी डोळे मारले होते ते खाली मान घालून बसले होते आणि एकमेकांच्या कानात "भाऊ म्हणजे देवमाणूस" म्हणत होते. मी दात आवळून ऐकत होतो.

आणि शेठ आले. पांढरे कपडे, हातात हार. लोकांनी त्यांना वाट करून दिली. फोटोला हार घालून ते भाऊंच्या मुलापाशी बसले. मुलगा पुण्याहून आलेला, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो रडत होता. शेठनी वडीलकीच्या नात्यानं त्याच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला.

वहिनी भिंतीशी बसल्या होत्या. जागच्या हलल्या नाहीत. शेठना नीट समजावं म्हणून असेल, गुजरातीत बोलल्या, आणि आवाज चढवला नाही. "शेठ, माथे हाथ ना लगाडशो."

शेठचा हात तसाच अधांतरी राहिला. त्यांनी वहिनींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला, पण तिथेही तो त्यांना ठेवता येईना. कोणाशी न बोलता ते उठले आणि चपला शोधू लागले.

माझ्या शेजारी बसलेल्या कापडवाल्यानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "मराठीओमां एवो रिवाज हशे?"

मी म्हटलं, "हा, छे."