पाहुणीचा कप

आमच्या नायगावच्या चाळींच्या मधोमध एक बालवाडी होती. एके वर्षी तिथे नॉर्वेहून एक मुलगी बिनपगारी काम करायला आली. एवढ्या लांबून, स्वतःच्या खर्चाने, आणि वर फुकट राबायला! चाळीतल्या बायकांना हे काही केल्या पटेना. घरी भांडून आली असेल, असं एक मत पडलं. लग्न मोडलं असेल, असं दुसरं. माझी आई तिला दुरून न्याहाळत म्हणाली, "पोर गुणाची दिसते गो, पण कायतरी असणार."

तसं काहीच नव्हतं. तिला जग बघायचं होतं आणि जमलं तर जाता जाता थोडं सुधारायचंही होतं. शनिवार दुपारपर्यंत ती आमच्या पोरांची नाकं पुसायची, नखं कापायची, दूध वाटायची. एकदा का बालवाडीला कुलूप लागलं की डोक्यावर गवती टोपी, खांद्याला झोळी, झोळीत जलरंगांची डबी आणि हातात नकाशा. मग मला विचारायची, "उद्या कुठे?"

हे 'कुठे' मला नकोसं वाटायचं. कारण तिच्याबरोबर जायचं काम माझ्याकडे होतं. मी नुकतीच मॅट्रिक झालेली, बालवाडीत मदतनीस. मोडकंतोडकं का होईना, इंग्रजी बोलणारी मुलगी आजूबाजूला दुसरी नव्हती. बालवाडीच्या मुख्य बाईंनी तिला माझ्या गळ्यात बांधताना स्पष्ट सांगितलं होतं, "परक्या देशातली मुलगी आहे. तिला धड नेशील आणि धड परत आणशील. काही कमीजास्त झालं तर मी तुला विचारीन."

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. गोळीबार होऊन गेले होते, पण माणसांच्या मनातून गेले नव्हते. ट्राम कधी बंद पडतील, परळच्या नाक्यावर पोलिसांची गाडी कधी येऊन उभी राहील, नेम नसायचा. माझे वडील गिरणीत साचे चालवायचे आणि सत्याग्रहात तुरुंग बघून आले होते. त्यामुळे मला बाहेर निघताना पाहून चाळीतलं कुणीतरी हमखास म्हणायचं, "सांभाळून जा. त्या गोरीला विंग्रज समजून कुणी दगड घालायचा." मीही मान डोलवायची. पण मोर्च्यांची भीती मी नुसती तोंडाने बोलायची. लालबागला एकदा आम्ही मोर्च्यात सापडलो, तेव्हा लोकांनी हसून तिला वाट करून दिली होती आणि तिने उलट त्यांनाच हात केला होता.

माझी खरी भीती दुसरीच होती आणि ती मी कुणाला सांगत नव्हते. आम्ही दीक्षा घेतली त्याला फार दिवस झाले नव्हते. घरातले देव दादरच्या समुद्रात सोडले होते. फळीवरची ती जागा रिकामी होती आणि सकाळी आईचा हात चुकून तिकडे जायचा. दीक्षेहून आल्यावर वडिलांनी आम्हा भावंडांना समोर बसवलं आणि म्हणाले, "आता लपवायचं नाय. कुणी विचारलं तर मान वर करून सांगायचं, आमी बौद्ध." आम्ही हो म्हटलं. नायगावात हो म्हणायला काय जातंय? तिथे विचारणारं कोण होतं? आमच्या मजल्यावर सगळे आमचेच.

पण मुंबईच्या बाहेर पाऊल टाकलं की तो प्रश्न यायचाच. पाण्याचा तांब्या पुढे करण्याआधी, नाहीतर केल्यावर लगेच. "तुम्ही कुणापैकी?" किती गोड आवाजात विचारतात! नुसतं आडनाव सांगून सुटका नसते. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. तसलं आडनाव कुणाचंही असतं. म्हणून तर पुढचा प्रश्न येतो.

वसईचा किल्ला झाला, कान्हेरीची लेणी झाली. तिथे मला बरं वाटायचं, कारण दगड कुणाला काही विचारत नाहीत. तरी आई दर रविवारी फिरकीचा तांब्या काठोकाठ भरून माझ्या हातात द्यायची. "कुणाकडं पाणी मागू नको," एवढंच म्हणायची. का, ते तिला सांगावं लागत नव्हतं आणि मला विचारावं लागत नव्हतं.

मग त्या मुलीला गाव बघायचं मनात आलं. किल्ले नकोत, लेणी नकोत. माणसं राहतात ते, नारळाच्या झाडांमधलं खरंखुरं गाव. तिच्या देशात म्हणे वर्षाचे कित्येक महिने सगळं पांढरंफटक असतं. मी दोन रविवार डोकं दुखण्याचं निमित्त काढलं. तिसऱ्या वेळी ती माझ्यासाठी बाम घेऊन आली, तेव्हा मला लाज वाटली. भाऊच्या धक्क्यावरून आम्ही रेवसची लाँच पकडली, पुढे एसटीने अलिबागच्या वाटेवर एका गावाशी उतरलो. गावाचं नाव लिहीत नाही.

फाल्गुनातलं ऊन होतं. ती समुद्राकाठी सुरूच्या झाडाखाली बसून चित्र काढू लागली. मी तिच्याकडे पाठ करून रस्त्यावर नजर ठेवून बसले, पहारेकऱ्यासारखी. कुणी बाई डोक्यावर मोळी घेऊन गेली की मी उगाच पदर सारखा करायची. बऱ्याच वेळाने घसा कोरडा पडला म्हणून तांब्याला हात घातला, तर तो हलका लागला. फिरकी उघडून पाहिलं. रिकामा!

"पाणी कुठं गेलं?" मी विचारलं.

तिने हसून चित्र दाखवलं. आकाश छान जमलं होतं. आईने भरून दिलेलं पाणी ती थोडं प्यायली होती आणि उरलेलं तिने कुंचले धुवून वाळूत ओतलं होतं.

मला तिचा असा राग आला! पण राग धरायलाही वेळ मिळाला नाही. परत निघालो तर थोड्या वेळात तिचा चेहरा लालबुंद झाला, पाऊल वेडंवाकडं पडू लागलं. "पाणी," ती म्हणाली. मी म्हटलं, "एसटीच्या थांब्याजवळ मिळेल." तिथे काही मिळणार नव्हतं, सकाळी मी पाहिलंच होतं. एका बाजूला मुख्य बाईंचा चेहरा डोळ्यांपुढे येत होता आणि दुसऱ्या बाजूला रस्त्यालगतची घरं, विहिरी, रहाट. इथे तिला चक्कर आली तर मी काय करणार होते? आणि कुणाच्या अंगणात शिरले तर काय होणार होतं? माझा हा विचार चालू असतानाच ती सरळ एका वाडीचं कवाड उघडून आत गेली. तिच्या देशात तहान लागली की असंच करत असतील.

सारवलेलं अंगण, मागे सुपारी आणि नारळ, ओटीवर तिशीतला एक माणूस दोर वळत बसलेला. गोरी बाई पाहून तो गडबडीने उठला. मी घाईघाईने म्हटलं, "उन्हाने हिला त्रास होतोय. घोटभर पाणी मिळेल का? आम्ही मुंबईहून आलोय."

"मुंबईत कुठं?"

"नायगाव. परळजवळ."

त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे गिरणगावातल्या! मग घरच्याच की तुम्ही. बसा, बसा." सत्याग्रहाला तोही मुंबईत आला होता. तुरुंगात गिरणीवाल्यांबरोबर राहिला होता. "सगळे एका पंगतीला जेवलो, ताई. कोण कुठला, कुणी विचारलं नाही. मराठी माणूस एक झाला म्हणजे काय होतं ते तिथं बघितलं." मी सांगितलं की माझे वडीलही आत होते. हे ऐकल्यावर तर तो आईला हाका मारू लागला, "आई, नुसतं पाणी नको, चहा टाक!"

माझ्या मनावरचं ओझं जरा हललं. खरंच हललं. मला वाटलं, हा माणूस काही विचारायचा नाही.

त्याची आई बाहेर आली. ठेंगणी, स्वच्छ, लगबगीची म्हातारी. तिने माझ्या मैत्रिणीला पायरीकडे खूण केली, मला ओटीवर घोंगडी घालून दिली आणि पाण्याचा लखलखीत तांब्या माझ्या हातात ठेवला. मग ती अंगणात उतरली. पागोळ्यांखाली, भिंतीच्या बाहेरच्या बाजूला एक कोनाडा होता. त्यातून तिने निळ्या फुलांचा चिनी मातीचा एक कप काढला. त्याची दांडी तुटली होती. तो तिने माझ्या मैत्रिणीपुढे पायरीवर ठेवला आणि लांबूनच, वरून पाणी ओतलं. मग पुन्हा ओतलं. चहाही तसाच. मला पितळेचा पेला आला, तिला तो कप.

माझी मैत्रीण हरखून गेली. "बघ," ती मला इंग्रजीत म्हणाली, "तुला रोजचं भांडं दिलं आणि मला त्यांचा सगळ्यात सुंदर कप! आमच्याकडेसुद्धा आजी असाच एक कप पाहुण्यांसाठी वेगळा ठेवते."

मी पेल्यावर फुंकर घातली. तो कप वेगळा का ठेवलेला असतो, हे मला तिथल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. आमच्या गावी आमच्या माणसांना तर कपही नसायचा. करवंटी असायची, नाहीतर ओंजळ. आई लहानपणी ओंजळीनेच पाणी प्यायलेली. इथे धर्माबाहेरची, गाय खाणारी म्हणून ही गोरीपान पोर बाहेर पायरीवर बसली होती, आणि इस्त्रीचं पातळ नेसलेली, शुद्ध बोलणारी मी घोंगडीवर. मला हसू येत होतं. पेला ओठाला भाजत होता. हा चहा एकदा संपावा आणि इथून निघावं, एवढंच मनात होतं.

म्हातारी माझ्याजवळ टेकली. माझ्या पाठीवरून तिने हात फिरवला. "एकटीदुकटी एवढ्या लांब हिंडतेस. धीराची हो," ती म्हणाली. आणि मग, त्याच मायेने, "कुणापैकी गं तुम्ही?"

मला वाटलं होतं त्याहून ते सोपं होतं आणि त्याहून अवघड. दुसऱ्या कुठल्याही जातीचं नाव घेतलं असतं तरी खपलं असतं. एक शब्द बोलायचा, चहा संपवायचा, तिचा आशीर्वाद घ्यायचा आणि एसटी पकडायची. वडिलांना कळलंही नसतं. पाठीवरचा तो हात अजून तिथेच होता. तो काढला जाईल, याची मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीचाच मला संताप आला.

"आम्ही बौद्ध," मी म्हटलं. मान वर होती की नाही, आठवत नाही. ती नुसतीच बघत राहिली, म्हणून पुढे म्हटलं, "आधी महार."

हात निघाला. झटक्याने नाही, विसरलेलं काम आठवावं तसा. म्हातारी उठली आणि एक पायरी खाली जाऊन उभी राहिली. दोर वळणारा तो माणूस जमिनीकडे बघत म्हणाला, "असू दे, असू दे. आता तसलं काही राहिलं नाही."

"पेला तिथंच राहू दे," म्हातारी त्याला म्हणाली. "चुलीत निखारे आहेत. मी बघते मग."

"आई," तो म्हणाला. आणि मग दोर पुन्हा हातात घेतला.

निखाऱ्यात घातलं की पितळेचा विटाळ जातो. मला हेही ठाऊक होतं. पेल्यात अर्धा चहा होता. मी तो प्यायले, सगळा, सावकाश, आणि पेला घोंगडीवर ठेवला. धुतला नाही. तिकडे म्हातारीने खुणेने सांगितल्यावर माझी मैत्रीण आनंदाने आपला कप माती लावून घासत होती. घासून तिने तो कोनाड्यात उपडा ठेवला, दोन्ही हात जोडले आणि शिकवून ठेवलेलं "नमस्कार" म्हणाली. म्हातारीने हात जोडले नाहीत. तो माणूस कवाडापर्यंत आला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण एसटीची वेळ विचारून तो परत फिरला.

वाटेत मी इतकी भरभर चालत होते की ती मागे पडत होती. एसटीत मी खिडकीबाहेर बघत बसले. लाँच सुटली, किनारा मागे गेला, तेव्हा कुठे मी तिच्याकडे वळून पाहिलं. ती मात्र त्या कपाबद्दलच बोलत होती. घरी गेल्यावर आजीला सांगणार होती, चित्र काढणार होती, बालवाडीतल्या सगळ्या बायकांना सांगणार होती.

बायकांना सांगणार, म्हटल्यावर मला राहवलं नाही. चाळभर हसू झालं असतं तिचं. मी सांगून टाकलं. तो कप कुणासाठी असतो, वरून का ओततात, धुवायला का लावतात, सगळं.

तिला समजायला वेळ लागला. समजलं तशी ती कठड्याला धरून रडू लागली. "पण का? मी काय केलं होतं?" लोक बघायला लागले. मी तिच्याजवळ सरकले.

"काहीच नाही केलंस," मी म्हटलं. "काही करावं लागत नाही."

तिला ते पटेना. आपण आवडलो नाही का, आपले हात घाण होते का, न विचारता आत गेलो म्हणून त्या रागावल्या का, एक ना दोन. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, पदराने तिचे डोळे पुसत होते. अर्धा तास, तोही नकळत, ती विटाळाची झाली होती. तिची समजूत काढता काढता भाऊचा धक्का आला. माझ्या पेल्याचं काय झालं, हे तिने तोवर विचारलं नव्हतं.