भावोजींचं लॉगआउट

कुठूनही निघायला आमच्या भावोजींइतका वेळ लावणारा माणूस जगात दुसरा झाला नसेल. लग्नघरातून निघताना ते पायात चपला घालून दारातच तासभर बोलत. घराचं कुलूप ओढून पाहत, चार पायऱ्या उतरत आणि पुन्हा वर जाऊन ओढत. "आपल्या जाण्याने कुणाचं अडता कामा नये," असं त्यांचं म्हणणं. तोवर बाकीचे जिन्यात अडून उभे असत.

कोलशेतच्या कारखान्यात आम्ही दोघं एकाच ड्रॉइंग विभागात होतो. नव्वदच्या दशकात तिथे युनिक्सची कॉम्प्युटर-मशिनं आली आणि या स्वभावाला बहर आला. जुन्या ड्रॉइंगांची एकुलती एक सीडी भावोजींच्या मशिनमध्ये असे आणि बाकीचे आपापल्या जागेवरून नेटवर्कवर ती वाचत. पण भावोजींनी लॉगआउट केलं की मशिन ती सीडी आपणहून अनमाउंट करी, म्हणजे आत असूनही ती कुणाला दिसेनाशी होई, आणि सगळ्यांची कामं थांबत. बरं, लॉगआउट न करता उठावं, तर एकदा ते चहाला गेले असताना कुणीतरी त्यांच्या मशिनवरून साहेबांना त्यांचा राजीनामा पाठवला होता. साहेबांनी तो सहानुभूतीने वाचलाही होता. तेव्हापासून शेवटचा माणूस उठेपर्यंत भावोजी बसून राहत.

एकदा मात्र वर्तकनगरला, त्यांच्या घरी, मुलीला पाहायला कल्याणची मंडळी येणार होती. ताईचा फोन मलाच आला. "अरे, त्यांना उचलून आण!" इकडे आमच्या विभागातल्या सुनंदाचं ड्रॉइंग अर्धवट, आणि ते त्याच संध्याकाळी द्यायचं होतं. मी घाई केली तशी भावोजींनी शांतपणे मॅन्युअल उघडलं. बऱ्याच वेळाने त्यांना हवं ते सापडलं: एका फाइलमधली एक ओळ बदलली, की लॉगआउटनंतरही सीडी माउंट राहते. मशिनचा मुख्य पासवर्ड त्यांच्याकडेच होता. ओळ बदलून त्यांनी लॉगआउट केलं आणि ओरडले, "सुनंदा, चालू आहे का गं?"

"चालू आहे, सर! जा आता!"

खात्रीसाठी त्यांनी पुन्हा लॉगइन करून पुन्हा लॉगआउट केलं. स्कूटरवर माझ्या मागे बसून रस्ताभर ते सांगत होते, "मी नसलो तरी चालतंय रे!"

पोचलो तेव्हा पाहुणे गेलेले होते. ताई कपबशा आपटत आवरत होती. मुलीने पोह्यांची बशी पुढे केली. "बाबा, त्यांचा होकार आहे. माझाही."

भावोजी हसले. मग हळूच म्हणाले, "माझं विचारलं का कुणी?"

"विचारलं ना. आई म्हणाली, कामात असतील."

त्यांनी मान हलवली. पोहे पार गार झाले होते. ते त्यांनी सगळे खाल्ले.