पाणी कुठपर्यंत आलं होतं

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान आणि दुकानामागे दोन खोल्यांचं घर. कापडाच्या बाबतीत माणूस इतका चोख, की पाव इंचासाठी शिवलेली बाही उसवून परत लावायचा. तोंडाला मात्र माप नाही. अडतीस वर्षांपूर्वीच्या पुराची गोष्ट सांगायला लागले की विचारू नका. पहिल्यांदा सांगितली तेव्हा पाणी घोट्याला होतं. लेक शाळेत जायला लागली तोवर ते गुडघ्याला पोचलं, आणि तिच्या लग्नापर्यंत थेट छातीला. त्या छातीभर पाण्यातून मास्तर अकरा महिन्यांच्या लेकीला खांद्यावर घेऊन, बायकोला ओढत, चढावर पोचले होते म्हणे. माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक हात पसरून उभं असतं, पळून जाणार कुठं? बिचारं ऐकून घ्यायचं.

बायको आतल्या खोलीत काजं करत बसलेली असायची. ती कधी मधे बोलली नाही.

मग नगरपालिकेचा नियम आला. नदीचं पाणी आजवर जिथपर्यंत चढलं, त्याच्या आत नवं बांधकाम करायचं नाही. नियम ठीक आहे हो, पण पाणी चढलं कुठपर्यंत? त्या वर्षीची दप्तरं त्याच पुरात वाहून गेलेली. शेवटी एक तरुण इंजिनिअर बाई वही घेऊन जुनी माणसं शोधत दारोदार फिरू लागली. ज्याला विचारावं तो मास्तरांच्या दुकानाकडे बोट दाखवी.

मास्तरांची कळी खुलली. सरकार आपण होऊन ऐकायला आलंय म्हटल्यावर त्यांनी हात कशाला आखडता घ्यावा? दुकानाच्या जमिनीपासून चार फूट, असा जबाब दिला आणि खाली झोकदार सही ठोकली. बाईने भिंतीवर तेवढ्या उंचीला निळी रेघ मारली.

महिन्याभराने नगरपालिकेत पूररेषेचा नकाशा लागला आणि लेक तडक दुकानात आली. तिने नि जावयाने थोडं वरच्या अंगाला प्लॉट घेऊन ठेवला होता. घराचा अर्ज नामंजूर होऊन आला होता.

"तुमच्या सहीनं आमचं घर गेलं, बाबा."

मास्तर खडू हातात धरून उभे राहिले. "जरा वाढवून सांगितलं असेल मी."

"जरा म्हणजे किती?"

"गुडघाभरच असेल पाणी."

"मग तसं जाऊन सांगा. गुडघा धरला तर आमचा प्लॉट सुटतो."

सत्तरीला टेकलेल्या माणसाने ऑफिसात जाऊन आपण थापा मारल्या म्हणून कबूल करायचं, म्हणजे काय खाऊ आहे? पण लेकीसाठी मास्तर गेले. बाईने सगळं ऐकून घेतलं, रागावली नाही. फक्त म्हणाली, "गुडघाभर पाणी तुम्ही स्वतः पाहिलंत?"

आज खोटं बोलायचं नाही, असं ठरवूनच मास्तर निघाले होते. "मी तेव्हा परगावी होतो," ते म्हणाले. "कापड आणायला. रस्ते बंद पडले. चौथ्या दिवशी पोचलो, तेव्हा घरात नुसता चिखल होता."

"मग घरी कोण होतं?"

"बायको. आणि लेक."

दुसऱ्या दिवशी बाई दुकानात आली. लेक आधीच येऊन बसली होती. "आई, नीट आठवून सांग. गुडघाभर असेल तर आमचं घर होतंय."

आईने हातातला शर्ट बाजूला ठेवला आणि भिंतीवरची निळी रेघ बघितली. "हे चूक आहे," ती म्हणाली.

लेकीचा जीव भांड्यात पडला.

"पाणी छातीलाच होतं," आई म्हणाली, "पण मी खाली नव्हते. थांबा, दाखवते." तिने स्टूल ओढलं आणि लेकीच्या दंडाचा आधार घेऊन कापायच्या टेबलावर चढली. सरळ उभी राहिली आणि छातीच्या उंचीवर भिंतीला तळवा टेकवला. निळी रेघ तिच्या गुडघ्याखाली राहिली.

"आणि मी?" लेकीने विचारलं.

"तू आधी खांद्यावर, मग डोक्यावर. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. रडत होतीस तेच बरं होतं. गप्प झालीस की भीती वाटायची."

मास्तरांना लाज वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती. लेक त्यांच्याकडे बघायला तयार नव्हती.

"काय लिहू?" बाईने विचारलं.

"आई सांगते ते लिहा," लेक म्हणाली. घराचं काय होणार हे तिला कळत होतं, तरी ती म्हणाली.

बाईने उंची मोजून घेतली आणि टेबलाकडे मान वर करून विचारलं, "इतकी वर्षं तुम्ही सांगितलं कसं नाहीत?"

"यांनी विचारलं नाही," आई म्हणाली. "आल्या आल्या कापड किती भिजलं ते बघत बसले."

"खरंय," मास्तर म्हणाले. "तेही लिहा."