अक्कांनी माफ केलं नाही

सुभद्राअक्का रोज सकाळी देवासमोर उभ्या राहून एका डॉक्टरसाठी आयुष्य मागायच्या. "त्याला धडधाकट ठेव रे देवा. माझ्या हाती लागेपर्यंत त्याला काही होऊ देऊ नको." पुण्याहून बंगळुरात येऊन आम्ही इंदिरानगरात त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो, तेव्हा हे ऐकून मी घाबरलेच होते.

अक्कांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. अक्का एका संशोधन संस्थेतून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या. मणक्याच्या ऑपरेशननंतर त्या डॉक्टरने अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या सुरू केल्या आणि वाढवतच नेल्या. सवय लागेल, हे सांगितलंच नाही. गोळी चुकली की अक्कांना दरदरून घाम फुटायचा, पाय थरथरायचे. सुटका कशी करून घेऊ, असं त्यांनी विचारलं, तर तो नर्ससमोर हसला. "या वयात सोडून कुठे ऑलिंपिकला जायचंय तुम्हाला?"

"दुखणं विसरले गं मी," अक्का म्हणायच्या, "ते हसणं नाही विसरले."

व्यसनमुक्तीच्या वॉर्डात मी त्यांच्या सोबतीला होते. उलट्या, जुलाब, डोळ्याला डोळा नाही. पलंगाची दांडी घट्ट धरून त्या कानडी-मराठीत पुटपुटायच्या, "स्वल्प थांब, जरा थांब, येतेच मी." मला वाटलं, मलाच म्हणतायत. ते त्या हसणाऱ्या डॉक्टरला होतं.

तिथल्या डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, "अक्का, राग सोडा, बरं वाटेल."

"गोळी सोडते. राग सोडला तर उठून बसू कशाच्या जोरावर?"

जिभेखाली विरघळणारं औषध घेत, मग तेही हळूहळू कमी करत, अक्का सावरल्या. आणि एका सोमवारी कडक इस्त्रीची साडी नेसून थेट त्याच्या दवाखान्यात जाऊन बसल्या. शेजारच्या प्रत्येक पेशंटला कन्नडमधून विचारायच्या, "कुठली गोळी दिलीय? तिची सवय लागते, सांगितलं का?" वॉचमनने बाहेर काढलं, तर फाटकाशी उभ्या राहिल्या. मग दर सोमवारी तेच. लोक आत जाऊन प्रश्न विचारू लागले. काही फाटकावरूनच परतू लागले.

शेवटी तो स्वतः बाहेर आला. हात जोडून म्हणाला, "अम्मा, चुकलं माझं. माफ करा."

मी अक्कांचा हात दाबला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"माफी मी देणार नाही. आत चल आणि सगळ्यांसमोर सांग."

त्याने सांगितलं. मान खाली घालून, अडखळत, पण सगळं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "झालं ना आता, अक्का?"

"आज आलेल्यांचं झालं," त्या रिक्षाला हात करत म्हणाल्या. "पुढच्या सोमवारी वेगळी माणसं असतील."

पुढच्या सोमवारी गेलो, तेव्हा तो दारातच उभा होता. त्याने नमस्कार केला. अक्कांनी तो घेतला नाही. पेशंट बसले होते तिकडे फक्त बोट दाखवलं.