प्रसादातला अननस

दातांच्या डॉक्टरने माझ्या तोंडात सहा किडलेले दात मोजले आणि त्या दिवसापासून आईने साखरेशी उभा दावा मांडला. साखरेचा डबा थेट माळ्यावर गेला. इथपर्यंत ठीक होतं. पण नेरुळच्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत रोज एकेका घराचा प्रसादाचा नंबर असायचा. आमचा आला तेव्हा आईने जाहीर केलं, "पेढेबिढे काही नाही. आटवलेलं दूध, केळी, चिकू, डाळिंब आणि खजूर. बास."

मी पाय आपटले, भोकाड पसरलं. अहो, माझी अब्रू जाणार होती! आदल्याच संध्याकाळी बी विंगने चॉकलेटचे मोदक वाटले होते. त्यानंतर बिनसाखरेची फळं दिली असती तर पोरांनी मला वर्षभर 'पेशंट' म्हणून हाका मारल्या असत्या.

आई पातेलं फ्रिजमध्ये ठेवून ऑफिसला निघाली. जाता जाता दम दिला, "नैवेद्य आहे. बोट लावलंस तर बघ."

मी बोट लावलं नाही. चव न घेता काय सुधारता येईल, तेवढाच विचार केला. गेटवर शेजारच्या शिरवणे गावातल्या एक मावशी फळं घेऊन बसायच्या. त्यांनी अननसाची फोड हातावर ठेवली. "खा गो बाय, मध हाय नुसता." खरंच मध होता. मग काय! अख्खा अननस कापून घेतला, घरी नेऊन बारीक चिरला आणि दिला पातेल्यात ढकलून. स्वतःच्या अकलेवर मी बेहद्द खूश होते. कच्चा अननस दुधात पडून राहिला की दूध कडू होतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आई पावणेसातला धावतपळत आली आणि झाकलेलं पातेलं उचलून तशीच मंडपात गेली. आरती झाली, नैवेद्य दाखवला, वाट्या फिरल्या. पहिला घास सेक्रेटरीकाकांच्या मुलाने घेतला आणि एरंडेल पाजल्यासारखं तोंड केलं. आता प्रसाद टाकता येत नाही, थुंकता तर येतच नाही. वीस पोरं गाल फुगवून एकमेकांकडे बघत उभी! मला हसू आवरेना.

मग सेक्रेटरीकाकूंनी चव घेतली. "अगंबाई! दुधात अननस कुणी घातला?"

आईने वाटीत बघितलं, मग माझ्याकडे. "मीच," ती म्हणाली. "घाईत लक्षात आलं नाही."

"चालायचंच," काकू म्हणाल्या. "नोकरीवाल्या बायकांना कुठला वेळ स्वयंपाकघराला?"

आईची मान खाली गेली. माझं हसू पळालं. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. मी ओरडलेच, "काकू, ती खोटं बोलतेय! तिने पहाटे उठून दूध आटवलं. अननस मी घातला!"

मग वीसही पोरांनी एकदम घास गिळला आणि 'कडू, कडू' असा जो गिल्ला केला, तो विचारू नका. पुढे वर्षभर माझं नाव तेच पडलं. आईने माझा कान धरला, पण तिची मान आता ताठ होती. "उद्याचाही नंबर आमचाच लावा," तिने काकूंना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा दूध आटवलं, पुन्हा तीच फळं चिरली. झाकण ठेवण्याआधी थांबली, पातेल्यात चमचा बुडवला आणि माझ्या तोंडापाशी आणला. मी दोन पावलं मागे सरकले.

"अगं, नैवेद्य आहे ना?"

"आ कर," आई म्हणाली. "देव समजून घेईल. तुझ्या सेक्रेटरीकाकू नाही घ्यायच्या."